जात हा पुरावा नव्हे

डिसेंबर उजाडला की मंडणगड, दापोली, खेड, चिपळूण या बाजूची माणसे भाकरतुकडा बांधून मुंबईस निघतात. ६ तारखेस दादरच्या चैत्यभूमीवर डोके टेकावयाचे आणि परत फिरावयाचे. गाडीत फडकी सुटतात, लसणीची चटणी या हातातून त्या हातात जाते, आणि मग कोणी तरी हलक्या आवाजात तो जुना प्रश्न काढतो, "बाबासाहेब गेले, की त्यांना घालविले?" डबा क्षणभर गप्प होतो. एक म्हातारा मान हालवितो. दुसरा म्हणतो, "बाई डॉक्टर होती आणि जातीची बामणीण होती. आणखी काय पाहिजे?" झाले! खटला निकालात निघतो. फिर्याद नाही, साक्ष नाही, पुरावा नाही, नुसता निकाल!

वाचकहो, हा प्रश्न आम्ही टाळणार नाही. आमच्या बहुजन समाजाचा एवढा मोठा पुढारी एका रात्रीत नाहीसा होतो, तेव्हा तो कसा गेला हे विचारण्याचा हक्क त्याच्या लोकांस आहे. पण प्रश्न विचारणे निराळे आणि उत्तर आधीच ठरवून ठेवणे निराळे. आज आम्हांस बोलावयाचे आहे ते या दुसऱ्या खोडीबद्दल.

आणि हे बोलण्याचा अधिकार रत्नागिरी जिल्ह्यास इतर कोणाहून अधिक आहे. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे मंडणगड तालुक्यात. थोरल्या पत्नी रमाबाई दापोली तालुक्यातील वणंदच्या. त्या २७ मे १९३५ रोजी वारल्या. आणि ज्यांच्यावर हा ठपका ठेवला जातो त्या दुसऱ्या पत्नी डॉक्टर सविताबाई, माहेरच्या शारदा कबीर, यांचे मूळ घराणे राजापूर तालुक्यातील डोर्ले गावचे. म्हणजे तिन्ही गावे आमच्याच मातीतील. घरचा वाद आहे, तो घरच्यांनीच नीट पाहिला पाहिजे.

शिवाय या जिल्ह्यावर बाबासाहेबांचे ऋण आहे ते निराळेच. खोताच्या पडवीत उकिडवे बसून ज्यांच्या आज्या-पणज्यांनी कबुलायतीवर अंगठे उठविले, त्या कुळांसाठी त्यांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती मोडण्याचे बिल आणले. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर नेला. त्या मोर्चात कुणबी होता, महार होता. भूक एक होती म्हणून वाट एक होती. पुढे १९४९ साली खोती मोडण्याचा कायदा झाला. ज्याच्या नावावर आज पाच गुंठे आहेत, त्याच्या सातबाऱ्यामागे हा इतिहास उभा आहे. सबब हा विषय एका जातीचा नव्हे. कुणब्याचा आहे, कुंभाराचा आहे, सुतार-लोहाराचा आहे.

आता घडले काय ते आधी सरळ सांगतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास बाबासाहेबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. सविताबाईंनीही त्याच मंडपात घेतली. नोव्हेंबरात ते बौद्धांच्या जागतिक परिषदेसाठी काठमांडूस जाऊन आले. ५ डिसेंबरच्या रात्री दिल्लीतील २६, अलीपूर रोड या घरी त्यांनी आपल्या बुद्धावरील ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद उशाशी मागून घेतले आणि ते निजावयास गेले. ६ डिसेंबरची सकाळ झाली ती त्यांच्याविनाच. झोपेतच प्राण गेला होता. वय अवघे ६५. शव विमानाने मुंबईस आणले, राजगृहावर ठेवले, आणि ७ डिसेंबरच्या संध्याकाळी दादरच्या समुद्रकाठी बौद्ध विधीने दहन झाले. लाखो माणसे रडत उभी होती आणि त्याच चितेच्या साक्षीने हजारोंनी दीक्षा घेतली.

दीक्षेपासून मृत्यूपर्यंत दिवस मोजा, त्रेपन्न भरतात. ज्या समाजाने हजारो वर्षांनी मान वर केली त्याचा बाप त्रेपन्न दिवसांत गेला! मन हे मानील कसे? मृत्यू दिल्लीत, आपल्या माणसांपासून दूर. वेळ रात्रीची. घरात पत्नी, ती डॉक्टर, आणि जन्माने ब्राह्मण. संशयाचे बी पडावयास एवढी जमीन पुरे झाली. ज्यांना हा संशय आला त्यांस आम्ही मूर्ख म्हणणार नाही. ज्यांना गोड बोलून कागदावर अंगठा करावयास लावले आणि उद्या त्याच कागदाने जमीन गेली, त्यांनी गोड शब्दावर आणि सरकारी कागदावर विश्वास का ठेवावा? संशय ही आमच्या लोकांची ढाल होती. परंतु ढाल ती ढाल. तिने कोणाचे डोके फोडावयाचे नसते.

असले संशय केवळ आमच्याच लोकांत आहेत असेही नाही. सुभाषबाबू १९४५ सालच्या ऑगस्टात विमानाच्या अपघातात गेले, हे मानावयास अर्धा देश तयार झाला नाही. त्यावर एकामागून एक चौकशी मंडळे बसली. लालबहादूर शास्त्री ११ जानेवारी १९६६ रोजी ताश्कंदास करारावर सही करून रात्रीत गेले, त्याचीही कुजबुज अजून संपलेली नाही. मोठा माणूस साध्या माणसासारखा मरतो हे लोकांना पटत नाही. पण मरण मोठा-लहान ओळखीत नाही. मरण आधी शरीर पाहते. तेव्हा आपणही आधी शरीरच पाहू.

बाबासाहेबांना साखरेचा रोग होता, आणि तो काल-परवाचा नव्हता. घटनेचे काम चालू असतानाच पायांत रात्र-रात्र कळा येत, झोप लागत नसे, इन्सुलिनची सुई टोचून घ्यावी लागे. डॉक्टरांनी सांगितले की घरात सतत देखरेख करणारे माणूस पाहिजे. ते या माणसाच्या ध्यानात आले आणि १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांनी सविताबाईंशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. शेवटच्या वर्षांत दृष्टी अधू झाली होती, आधाराशिवाय चालवत नव्हते. दीक्षेच्या दिवशीचा फोटो पुष्कळांच्या घरी भिंतीवर आहे. हातातली काठी पाहा. ती शोभेची नव्हती.

हा रोग आता आमच्याही घरात आला आहे, म्हणून तो कसा काम करतो हे कळून घेणे बरे. रक्तातील साखर वाढलेली राहिली की ती बारीक रक्तवाहिन्या आणि नसा आतून खराब करते. डोळे जातात, मूत्रपिंड जाते, पायाला काटा रुतला तरी कळत नाही आणि जखम सडते. तसेच हृदयाचे. नसा बधिर झाल्यामुळे कित्येक रोग्यांना छातीत कळ येते तीही जाणवत नाही. माणूस रात्री जेवून निजतो आणि झोपेतच त्याचे हृदय थांबते. सकाळी शेजारी म्हणतात, "काल तर चांगला बोलत होता!" आमच्या कोकणात घराला वाळवी लागते तेव्हा काय होते? वासा वरून धड दिसतो, हळदीचा हातही त्यावर तसाच असतो. आणि एका पावसाळी रात्री तो कडकन मोडून पडतो. पडला एका रात्रीत, पण वाळवी लागलेली होती दहा वर्षे. मग त्या रात्री घरात कोण निजले होते त्याला धरावयाचे काय?

बाबासाहेबांच्या अनुयायांनी चौकशी मागितली, ते योग्यच केले. सरकारने पोलिसांतील वरिष्ठ अधिकाऱ्याकडून चौकशी करविली, आणि १९५७ साली गृहमंत्री गोविंद वल्लभ पंत यांनी लोकसभेत सांगितले की मृत्यू नैसर्गिक होता. आमचे येथे सरकारशी भांडण आहे. निकाल सभागृहात वाचून दाखविला की काम संपले असे दिल्लीस वाटले. तो मंडणगडच्या झोपडीत कोणी नेला नाही. ज्यांचा बाप गेला त्यांना कारणे समजावून सांगावयास कोणी आले नाही. या प्रकरणी जे जे कागद सरकारदरबारी असतील, ते सर्व मराठीत करून लोकांपुढे ठेवा, अशी आमची आजही मागणी आहे. बंद पेटीभोवतीच भुते नाचतात. पेटी उघडा, भुते पळतील.

पण सरकारचा शब्द नको असेल तर बाजूस ठेवा. ज्याच्या शब्दापुढे दुसरा शब्द नाही असा साक्षीदार आहे. तो म्हणजे खुद्द बाबासाहेब. बुद्धावरील आपल्या ग्रंथासाठी त्यांनी १९५६ सालच्या मार्चात एक प्रस्तावना लिहिली. तीत त्यांनी आपले दुखणे लपविले नाही. आपली प्रकृती मधल्या काळात इतकी खालावली होती की डॉक्टर मंडळी आपल्याला विझत्या ज्योतीत जमा करू लागली होती, असे ते मोकळेपणी सांगतात. आणि ती ज्योत पुन्हा चेतविण्याचे, हातातला ग्रंथ पुरा करता येण्याचे श्रेय ते दोघांना देतात. एक डॉक्टर मालवणकर आणि दुसरी आपली पत्नी. मृत्यूपूर्वी नऊ महिन्यांची ही साक्ष! ग्रंथ १९५७ साली छापून बाहेर आला तेव्हा ही प्रस्तावना त्यात नव्हती. ती लोकांपुढे यावयास पुढे कित्येक वर्षे जावी लागली. तोवर कुजबुज घरोघर पोचली होती. खरे चप्पल शोधीत बसते, तोवर खोटे गाव फिरून येते.

आता कोणी आम्हांस विचारील, "तुमचे पत्र ब्राह्मणेतरांचे. तुम्ही ब्राह्मणांची वकिली केव्हापासून करू लागलात?" उत्तर ऐका. आम्ही वकिली करतो ती न्यायाची. आणि ही वकिली आम्हांस आमच्याच घरातून मिळाली आहे.

१९२७ साली महाडच्या सत्याग्रहाच्या वेळी ब्राह्मणेतर पक्षाचे केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर यांनी पाठिंबा देऊ केला; अट एकच, ब्राह्मणाला त्यात घेऊ नये. पाठिंब्याची गरज कोणास नव्हती? पण बाबासाहेबांनी ती अट मानली नाही. आपले वैर ब्राह्मण जातीत जन्मलेल्या माणसाशी नसून उच्च-नीच मानणाऱ्या वृत्तीशी आहे, अशी त्यांची भूमिका होती. आणि ती वृत्ती ब्राह्मणेतराच्या अंगातही असू शकते, हे ते जाणून होते. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडास मनुस्मृती जाळली, तेव्हा तसा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. आमच्या चळवळीच्या थोर माणसांनी त्या वेळी चूक केली. ती आज आम्ही पुन्हा करावी काय?

त्याही मागे जा. १८६३ साली जोतीराव फुल्यांनी पुण्यास आपल्या घरात कोणासाठी दार उघडले? फसलेल्या ब्राह्मण विधवांसाठी. त्यांची जात त्यांना विहिरीत ढकलीत होती आणि माळ्याचे घर त्यांचे बाळंतपण करीत होते. अशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा जोतीराव-सावित्रीबाईंनी दत्तक घेतला. तो यशवंत डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाईंबरोबर त्याने रोग्यांची सेवा केली. त्या साथीत सावित्रीबाई गेल्या. त्या वेळी कोणी असे म्हणाले काय, की ब्राह्मणीच्या पोटचा डॉक्टर घरात होता, म्हणून आमची आई गेली? म्हणाले असते तर जोतीरावांच्या शिकवणीस काळे फासले असते.

मनूने काय केले? माणसाने काय केले हे न पाहता तो कोणाच्या पोटी जन्मला हे पाहून शिक्षा ठरविली. आम्ही त्या ग्रंथाची होळी केली म्हणून दर वर्षी अभिमानाने सांगतो. मग एखाद्या बाईचा अपराध तिच्या जन्मावरून ठरविणे ही मनुस्मृती नव्हे तर काय? पान उलटे धरले म्हणून पोथी बदलत नाही.

आणि या प्रकरणात जातीपेक्षाही जुनी एक गोष्ट लपलेली आहे. तीही बोलून टाकतो. नवरा अकाली मेला की आमच्या वाडीत पहिले बोट कोणाकडे जाते? बायकोकडे. "पांढऱ्या पायाची", "आली आणि नवऱ्याला खाल्ले." मग त्यात ती बाहेरच्या गावची, परक्या जातीची किंवा चार बुके शिकलेली असली तर विचारावयास नको. घरात रोगी खंगत असतो तेव्हा त्याला तालुक्याच्या दवाखान्यात न्यावयास कोणाला सवड नसते; मेल्यावर मात्र देवरुषाकडे जावयास चार माणसे तयार! देवरुषी तांदूळ पाहतो आणि नाव सांगतो. ते नाव बहुधा एखाद्या एकट्या विधवेचे असते. अशा बायांना मारहाण झाली, गाव सोडावे लागले, हे आमच्या वाचकांनी आपल्या डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणूनच २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोण्याविरुद्ध कायदा करावा लागला, आणि त्यासाठी झटणारे डॉक्टर नरेंद्र दाभोलकर त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात गोळ्या खाऊन पडले. दिल्लीच्या बंगल्यातील विधवा आणि आमच्या वाडीतील विधवा, दोघींवरचा आळ एकाच उकिरड्यातून उगवला आहे.

सविताबाईंनी तो आळ डोक्यावर घेऊन वैधव्याची ४६ वर्षे काढली. ज्या माणसाची त्यांनी आठ वर्षे शुश्रूषा केली, त्याच्याच लोकांत त्यांना दीर्घ काळ परक्यासारखे राहावे लागले. पुढे पँथरच्या तरुण पोरांनी त्यांना पुन्हा सभेत मानाने बसविले, 'माईसाहेब' म्हणून हाक मारली. हे त्या पोरांचे मोठे काम होय. १९९० साली बाबासाहेबांना मरणोत्तर भारतरत्न मिळाले, ते राष्ट्रपतींच्या हातून माईंनीच घेतले. त्याच सुमारास 'डॉ. आंबेडकरांच्या सहवासात' हे आपले पुस्तक लिहून त्यांनी आपली बाजू मांडली. २९ मे २००३ रोजी त्या मुंबईत वारल्या. कोणत्याही कोर्टात त्यांच्यावर अपराध शाबीत झाला नाही. आणि तरी गाडीच्या डब्यात आजही खटला चालतोच, आता तर हातातल्या मोबाइलवर चालतो. बोटाने एकदा दाबले की आळ शंभर घरी पोचतो. पोचविणाऱ्याला वाटते आपण बाबासाहेबांची सेवा केली!

बाबासाहेब बॅरिस्टर होते. अशिलाची जात पाहून त्यांनी खटले चालविले नाहीत आणि पुराव्याशिवाय ते एक वाक्य लिहीत नसत. ग्रंथाच्या पानापानावर आधार देणाऱ्या माणसाच्या नावाने आम्ही आधाराशिवाय खुनाचा आरोप करावा, हा त्यांचा मान की अपमान, हे वाचकांनीच ठरवावे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. ज्याच्याजवळ पुरावा असेल त्याने तो उजेडात आणावा. आम्ही तो याच पानावर छापू, मग अपराधी कोणत्याही जातीचा निघो. पुरावा नसेल त्याने तोंड आवरावे. आपल्या घरात चाळिशी ओलांडलेल्या माणसाची साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा. सरकारी दवाखान्यात त्याची सोय आहे. कोणाचा मृत्यू अचानक झाला आणि मनात किंतू राहिला, तर दहनाच्या आधी पोलिसांस व डॉक्टरास कळवून शवाची तपासणी मागावी. तो आपला हक्क आहे. राख झाल्यावर वीस वर्षे कुजबुजणे हा हक्क नव्हे.

येत्या डिसेंबरात गाडी पुन्हा भरेल. भाकरीची फडकी सुटतील, आणि कोणी तरी तो प्रश्न पुन्हा काढील. त्या वेळी आमच्या वाचकांपैकी एकाने तरी शांतपणे विचारावे, "दादा, पुरावा काय?" समोरचा म्हणेल, "ती बामणीण होती." तेव्हा त्याला सांगावे, "दादा, जात हा पुरावा नव्हे. हेच सांगता सांगता आपला बाप झिजला."